हेल्मेटची निवड आणि निवृत्ती

भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या कारखान्याच्या गेटबाहेर पाळी सुटण्याच्या वेळी पाच मिनिटे उभे राहा आणि बाहेर पडणाऱ्या दुचाकीस्वारांची डोकी पाहा. काहींच्या डोक्यावर संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट असते. काहींच्या डोक्यावर कानाच्या वर संपणारी वाटीसारखी टोपी असते. एखाद्याने कारखान्यात मिळालेले पिवळे हेल्मेट तसेच डोक्यावर ठेवलेले असते, तर कुणाचे हेल्मेट डोक्याऐवजी कोपरात अडकवलेले किंवा आरशाच्या दांड्यावर उलटे टांगलेले असते. लांबून पाहिले तर या साऱ्या वस्तू एकाच जातीच्या वाटतात. पण डोके रस्त्यावर आपटते त्या क्षणी यांतील काही उपयोगी पडतात आणि काही जवळजवळ नसल्यासारख्याच असतात. हा फरक कशामुळे पडतो?

हा प्रश्न पिंपरी-चिंचवडच्या विद्यार्थ्यांनी विचारावा हे योग्यच आहे. १९७२ पासून आकुर्डीच्या कारखान्यातून ‘चेतक’ स्कूटर बाहेर पडू लागली आणि पुढे चाकणला मोटारसायकलींचा मोठा कारखाना उभा राहिला. देशाला दुचाकी पुरवणारा हा पट्टा स्वतःही दुचाकीवरूनच कामाला जातो. पुणे-नाशिक महामार्गावर आणि तळेगाव-चाकण रस्त्यावर या दुचाकी कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरांच्या शेजारून धावतात.

मोटारसायकल चालवणाऱ्याच्या डोक्याचा शास्त्रीय विचार सुरू झाला तो एका प्रसिद्ध माणसाच्या अपघातानंतर. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या नावाने ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये सायकलवरच्या दोन मुलांना वाचवताना मोटारसायकलवरून फेकले गेले आणि सहा दिवसांनी मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे तरुण मेंदूशल्यविशारद होते. केर्न्स यांनी हा विषय सोडला नाही. दुसऱ्या महायुद्धात लष्कराचे निरोप पोचवणारे कितीतरी मोटारसायकलस्वार डोक्याला मार लागून मरत होते. १९४१ साली केर्न्स यांनी या अपघातांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि हेल्मेट घातलेल्या स्वारांच्या इजा सौम्य असल्याचे दाखवले. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने कामावरच्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

पण त्या काळचे हेल्मेट आजच्यासारखे नव्हते. बाहेर कठीण कवच आणि आत डोक्याभोवती पट्ट्यांची झोळी, अशी त्याची रचना होती. खरी मजल अमेरिकेत मारली गेली. रॉथ आणि लोम्बार्ड या संशोधकांना १९५३ साली एका हेल्मेटचे पेटंट मिळाले. त्यात कवचाच्या आत चुरडला जाणारा फेसाळ पदार्थाचा जाड थर होता. आजच्या प्रत्येक चांगल्या हेल्मेटमध्ये हाच विचार आहे. लोक हेल्मेट विकत घेताना बाहेरच्या कवचावर बोटांनी टकटक करतात, रंग पाहतात. पण डोके वाचवण्याचे मुख्य काम आतल्या थराचे असते, आणि तो थर म्हणजे आपल्या ओळखीचे थर्माकोल!

होय, तेच. टीव्हीच्या किंवा यंत्राच्या सुट्या भागांच्या खोक्यात कोपऱ्यांना बसवलेले असते ते. त्याचे शास्त्रीय नाव प्रसरित पॉलिस्टायरीन. पॉलिस्टायरीनच्या बारीक मण्यांमध्ये पेंटेनसारखा सहज बाष्प होणारा द्रव मुरवतात आणि त्यांना वाफ देतात. मणी फुगतात, साच्यात एकमेकांना चिकटतात. खोक्यातल्या थर्माकोलचा सुमारे ९८ टक्के भाग हवाच असतो. हेल्मेटमधील थर्माकोल त्याहून दाट असते, पण त्यातही बहुतांश हवाच. ही हवा असंख्य चिमुकल्या बंद कप्प्यांत कोंडलेली असते आणि कप्प्यांच्या भिंती अतिशय पातळ असतात.

आता थोडे गणित करू. समजा, गाडीवरून पडताना डोके १.५ मीटर उंचीवरून जमिनीवर आले. जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५.४ मीटर, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर असतो. हा वेग शून्यावर यायलाच हवा. प्रश्न एवढाच, की तो किती अंतरात शून्यावर येतो. पडताना मिळालेली ऊर्जा ही वजन गुणिले उंची इतकी आणि थांबवताना होणारे कार्य हे बल गुणिले थांबण्याचे अंतर इतके असते. दोन्ही समान मांडली, की एक सुटसुटीत सूत्र मिळते :

थांबवणारे सरासरी बल ÷ डोक्याचे वजन = पडण्याची उंची ÷ थांबण्याचे अंतर

हेल्मेट नसेल तर डांबरी रस्ता दबत नाही. दबते ती डोक्याची कातडी आणि थोडीशी कवटी. समजा, हे अंतर ३ मिलिमीटर आहे. १५०० भागिले ३ म्हणजे ५००. डोक्यावर त्याच्या वजनाच्या ५०० पट बल आले. तेच डोके थर्माकोलचा थर चुरडत २ सेंटिमीटर अंतरात थांबले, तर बल ७५ पट होते. ऊर्जा तीच, डोके तेच, उंचीही तीच. फक्त थांबायला जास्त अंतर मिळाले. क्रिकेटचा चेंडू झेलताना हात मागे घेतात तो याच कारणाने. (ही सरासरी आहे. प्रत्यक्षात बलाचा सर्वोच्च क्षण सरासरीपेक्षा वरच असतो.)

मग मऊ स्पंज का नको? किंवा गादीत भरतात तो कापूस? याचे उत्तर पुढील प्रयोगातून मिळेल.

खोक्यातला किमान ५ सेंटिमीटर जाडीचा थर्माकोलचा ठोकळा घ्या. जवळच्या वर्कशॉपमधून बेअरिंगचा एक मोठा छर्रा मिळवा. साधारण २५ मिलिमीटर व्यासाचा असला तर उत्तम. छर्रा दर वेळी एकाच जागी पडावा म्हणून अर्धा मीटर लांबीच्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा ठोकळ्यावर उभा धरा आणि त्यातून छर्रा सोडा. पडलेल्या खळग्याची खोली काडी व मोजपट्टीने मोजा. समजा ती १ सेंटिमीटर आली, तर वरच्या सूत्राप्रमाणे छऱ्यावरचे सरासरी बल त्याच्या वजनाच्या ५० पट झाले. आता त्याच जागी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा छर्रा सोडा आणि दर वेळी खोलीत किती भर पडली ते लिहून ठेवा. भर कमी कमी होत जाते. म्हणजे थांबण्याचे अंतर घटते आणि बल वाढते. याचा एक भाग खळग्याच्या गोल आकारामुळे असतो, तो शिक्षकांनी वर्गात समजावून सांगावा. पण मुख्य गोष्ट डोळ्यांना दिसते : खळगा भरून येत नाही. थोडासा वर उचलला जातो, तेवढाच.

हाच प्रयोग स्पंजवर करा. छर्रा स्पंज पूर्ण दाबून खालच्या टेबलावर ‘ठक्’ असा आपटेल आणि उसळून वर येईल. स्पंजाने ऊर्जा साठवली आणि परत केली. तीही पुरेशी नाहीच. थर्माकोलने मात्र ती कप्प्यांच्या भिंती वाकवण्यात आणि मोडण्यात खर्च करून टाकली. शिवाय या भिंती जवळजवळ ठरावीक दाबालाच एकामागून एक मोडत जातात. त्यामुळे थर दबत असताना बल एकदम न वाढता बराच काळ एकाच पातळीवर राहते. थर साधारण दोन तृतीयांश दबला, की कप्पे संपतात, घट्ट प्लास्टिक उरते आणि बल झपाट्याने चढते. म्हणून ३५ मिलिमीटर जाडीच्या अस्तरात कामाचे अंतर सुमारे २३ मिलिमीटरच असते, असे धरायला हवे.

या सव्वादोन सेंटिमीटरांसाठीच हेल्मेट एवढे मोठे, ‘फुटबॉलसारखे’ दिसते. दिसायला सुबक, डोक्याला चिकटून बसणारी पातळ टोपी पाहिली, की लगेच विचारा : हिच्यात थांबायला अंतर कुठे आहे?

चाचणीत काय करतात, तेही पाहू. डोक्याच्या आकाराच्या धातूच्या साच्यावर हेल्मेट चढवतात आणि ते उंचीवरून लोखंडी ऐरणीवर पाडतात. साच्याच्या आत त्वरण मोजणारे उपकरण असते. युरोपात वापरल्या जाणाऱ्या २२ क्रमांकाच्या नियमाच्या पाचव्या सुधारित मालिकेत आघाताचा वेग सेकंदाला ७.५ मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर होता आणि साच्याचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या २७५ पटींहून अधिक झालेले चालत नसे. ७.५ मीटर वेगासाठी लागणारी उंची तुम्हीच काढा, ती २.८७ मीटर येईल. २८७ भागिले २.३ म्हणजे सुमारे १२५. सर्वोच्च बल सरासरीपेक्षा बरेच वर गेले तरी २७५ च्या आत राहायला जागा आहे.

येथे चाणाक्ष विद्यार्थी हरकत घेईल : गाडी ताशी ६० ने जात असेल तर ताशी २७ च्या चाचणीचा काय उपयोग? हरकत रास्त आहे. वेगाचे दोन घटक करून पाहा. बहुतेक वेळा स्वार पुढे घसरत जातो आणि डोके वरून खाली रस्त्यावर आदळते. आडवा वेग घसरण्यात हळूहळू संपतो, तर उभा वेग पडण्याच्या उंचीवर ठरतो. गुळगुळीत, गोल कवचाचे एक काम हेच, की डोके रस्त्यात न अडकता घसरावे. पण तोच स्वार उभ्या ट्रेलरच्या मागच्या बाजूवर सरळ आदळला तर? वेग २७ ऐवजी ६० झाला, की ऊर्जा जवळजवळ पाच पट होते आणि सव्वादोन सेंटिमीटर थर्माकोल तिला पुरत नाही. चांगल्यात चांगल्या हेल्मेटलाही ही मर्यादा आहे. ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. तरीही जगभरातील ६१ अभ्यासांचा जो आढावा २००८ साली कॉक्रेन या संस्थेच्या संग्रहात प्रसिद्ध झाला, त्याचा निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे अपघातातील मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

पुणे परिसरात हेल्मेटसक्तीला वेळोवेळी विरोध झाला. २०१९ च्या आरंभी तर आंदोलनच झाले. त्यातील उकाड्याची तक्रार खरी आहे. हॉर्न ऐकू येत नाही, ही तक्रार मात्र तितकीशी खरी नाही. हेल्मेट हॉर्नबरोबर वाऱ्याचा आवाजही कमी करते, त्यामुळे दोहोंचे प्रमाण फारसे बदलत नाही.

आता निवडीकडे वळू. पहिली गोष्ट खूण. भारतात दुचाकीच्या हेल्मेटचे मानक ‘आयएस ४१५१’ आहे. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनवणे वा विकणे कायद्याने बंद आहे. रस्त्याच्या कडेला ते मिळते, ही गोष्ट वेगळी. चिन्हाचा कागद कोणीही छापून चिकटवू शकतो, म्हणून चिन्हाखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या अॅपमध्ये तपासावा. कारखान्यातल्या पिवळ्या हेल्मेटवरही आयएसआय चिन्ह असू शकते! पण त्याचा मानक क्रमांक २९२५ असतो. ते हेल्मेट वरून पाना किंवा बोल्ट पडला तर माथा वाचावा म्हणून बनवलेले असते. आत पट्ट्यांची झोळी असते आणि कपाळ, कानशील किंवा मागची बाजू आदळल्यास चुरडायला काहीच नसते. चिन्ह खरे असून वस्तू चुकीची, असा हा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट माप. शिंप्याची टेप भुवयांच्या किंचित वरून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवा. आलेला सेंटिमीटरचा आकडा म्हणजे तुमचे माप. दुकानात हेल्मेट घालून दहा मिनिटे तसेच थांबा, दुकानदार कितीही घाई करो. गाल थोडे दाबले जायला हवेत, पण कपाळावर एका जागी टोचता कामा नये. हनुवटीचा पट्टा बांधा, मागची कड धरून हेल्मेट पुढे ढकला. ते कपाळावरून निघून हातात आले, तर अपघातातही निघून जाईल. मुलींनी स्कार्फ बांधून हेल्मेट वापरायचे असेल तर स्कार्फ बांधूनच माप पाहावे. स्कार्फविना नेमके बसणारे हेल्मेट नंतर डोक्यावर बसत नाही, आणि स्कार्फच्या मापाने घेतलेले त्याविना सैल होते. पट्टा न लावता घातलेल्या हेल्मेटबद्दल मात्र मला फारसे बोलावेसे वाटत नाही. पहिल्या धक्क्यात ते स्वाराच्या आधी रस्त्यावर पोचते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमातही ते डोक्याला पट्ट्याने पक्के बांधलेले असावे, असेच म्हटले आहे.

मोठ्यांचे हेल्मेट लहान मुलाला देऊ नये, याचे कारण केवळ सैलपणा नाही. युरोपीय चाचणीतील साचे आकाराप्रमाणे ३.१ किलोग्रॅमपासून ६.१ किलोग्रॅमपर्यंत असतात. जड डोक्यासाठी बनवलेले थर्माकोल हलक्या डोक्याला फार कठीण पडते. ते नीट चुरडतच नाही.

आता निवृत्तीचा प्रश्न. अपघातात डोक्यावर असलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये, मग ते बाहेरून कितीही नवे दिसो. यातला धोका असा : कवच एबीएस प्लास्टिकचे किंवा काचतंतूंचे असते. त्यातले प्लास्टिकचे कवच स्थितिस्थापक असते. ते आघातात वाकते आणि परत मूळ आकारात येते. थर्माकोल येत नाही. म्हणजे बाहेर ओरखडाच, पण आत त्या जागेवरची जाडी खर्च झालेली. पेटलेली काडी काडेपेटीत परत ठेवल्यासारखेच ते. जुन्या बाजारात मिळणारे स्वस्त हेल्मेट घेऊ नये ते यासाठी. त्याचा इतिहास आपल्याला माहीत नसतो.

मग हातातून पडलेले रिकामे हेल्मेट? अनेक जण सांगतात, की एकदा पडले की फेकून द्या. मला हे सरसकट मान्य नाही. १.२ किलोग्रॅमचे हेल्मेट सीटवरून, म्हणजे ८० सेंटिमीटरवरून पडले तर ऊर्जा साडेनऊ ज्यूलच्या आसपास भरते. ५ किलोग्रॅमचे डोके ७.५ मीटर वेगाने आदळले तर १४० ज्यूल. शिवाय रिकाम्या हेल्मेटमध्ये अस्तराला आतून दाबणारे डोकेच नसते. कवचाला तडा नसेल, अस्तर कुठे सुटले वा दबले नसेल, तर असे हेल्मेट चालू शकते. याउलट आरशाच्या दांड्यावर रोज टांगलेले हेल्मेट कधीही न पडता बिघडते. दांड्याचे टोक अस्तरात त्याच जागी रुतत राहते. आतले कापड उचलून बोटाने चाचपा, खळगा लागेल.

वयाचाही प्रश्न आहे. १९५७ साली अमेरिकेत स्थापन झालेली स्नेल ही हेल्मेट तपासणारी संस्था पाच वर्षांनी हेल्मेट बदलावे, असे सुचवते. पाच वर्षे आणि एक दिवस झाला की थर्माकोल अचानक निकामी होते, असे नाही. घाम आणि केसांचे तेल आतला स्पंज व गोंद खातात, स्पंज बसला की हेल्मेट सैल होते, उन्हातील जंबुपार किरणांनी कवच व पट्टा ठिसूळ होतात. रोज पाळीला जाणाऱ्याचे हेल्मेट या साऱ्यातून जाते. कपाटात ठेवलेल्याचे तसे नसते.

आणखी एक शत्रू रसायनांचा. संत्र्याची ताजी साल थर्माकोलच्या तुकड्यावर चुरगाळून तिचा फवारा उडवा व थोडा वेळ थांबा. पृष्ठभागावर बारीक खळगे पडलेले दिसतील. सालीतले लिमोनीन हे तेल पॉलिस्टायरीन विरघळवते. पेट्रोल, थिनर, टर्पेंटाइन हे काम अधिक झपाट्याने करतात. (पेट्रोलचा प्रयोग करू नका, संत्रे पुरेसे आहे.) म्हणून हेल्मेटला थिनरने पुसणे, घरी स्प्रेचा रंग मारणे किंवा ते पेट्रोलच्या कॅनशेजारी डिकीत ठेवणे टाळावे. साधा साबण, पाणी आणि सावलीत वाळवणे, एवढे पुरते.

एक गोष्ट थर्माकोलला पूर्णपणे जमत नाही. वाटीत लागलेले दही घेऊन वाटी झटकन गोल फिरवा. वाटी फिरते, दही मागे राहते आणि कडेपासून सुटते. केर्न्स यांच्या बरोबर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ होलबोर्न यांनी १९४३ साली दाखवले, की डोक्याला अचानक मिळालेला पीळ मेंदूला असाच फाडतो. सरळ आघाताला थांबवणारे अस्तर या पिळाला तितके थांबवत नाही. म्हणून २२ क्रमांकाच्या नियमाच्या सहाव्या मालिकेत तिरक्या आघाताची चाचणी घातली गेली, आणि काही हेल्मेटांत अस्तराच्या आत थोडा सरकणारा थर असतो.

घरात निवृत्त झालेले हेल्मेट असेल तर आधी त्याचा हनुवटीचा पट्टा कापून टाका, म्हणजे दुसरे कोणी ते डोक्यावर घालणार नाही. मग ते शाळेत आणा. शिक्षकांच्या देखरेखीखाली हॅकसॉने कपाळापासून मागपर्यंत उभे दोन भाग करा आणि कापलेल्या कडेवर अस्तराची जाडी कपाळाशी, माथ्यावर व मागे मोजा. रस्त्याकडेची एखादी वाटीसारखी टोपी मिळाली तर तीही कापा आणि दोन्ही छेद शेजारी शेजारी प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवा.